रहीमकाकांच्या सात चुका

“...आणि हातमोजा का काढलात, काका?”

त्रिंबक चौबळनं कागदावरची सातवी चूक वाचली. वकीलच तो, यादी करूनच आला होता.

छावणीतल्या फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळाची ही लॉज, म्हणजे सभागृह. गावातले लोक तिला जादूघर म्हणत आणि वळसा घालून जात. भर दुपारी आत दोघंच होते. समोर बसलेले रहीमकाका तळकर गेली चाळीस वर्षं नव्या सभासदाला दीक्षा देत. डोळे बांधलेल्या त्या माणसाला हात धरून दालनात फिरवायचं आणि चालता चालता विधीचे शब्द म्हणायचे. त्रिंबकलाही त्यांनीच आत आणलं होतं, शब्दही त्यांनीच पाठ करून घेतले होते.

परवाच्या दीक्षेत काका शब्दांत सहा ठिकाणी अडखळले; सातवी चूक ही मोज्याची.

“पुस्तकात मोजे घालावेत असं स्पष्ट लिहिलंय.”

“लॉज उघडली तेव्हा पुस्तक कुठलं? सगळं तोंडी. आपल्यातला पहिला माणूस आत घेतला, तेव्हा बाकी सगळे गोरे साहेब. डोळ्यांवर पट्टी बांधली आणि हा लागला थरथर कापायला. हात धरणाऱ्या म्हाताऱ्या कॅप्टननं मोजा काढून खिशात घातला. तेव्हापासून इथं मोजा काढतात.”

“याची नोंद?”

“नाही.”

“मग तुम्हाला कुणी सांगितलं?”

“वडलांनी. कापत होते ते तेच.”

त्रिंबकनं कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

“संध्याकाळी सभेत मी सांगणार आहे, काका. हे काम तुमच्याकडे नको.” “परवा मागच्या रांगेतले लोक तुम्हाला हसत होते. मला नाही सहन झालं.”

या पोरावर काकांचा फार जीव होता.

मग ते उठले. खिशातला रुमाल काढून त्यांनी त्रिंबकच्या डोळ्यांवर बांधला, त्याचा हात धरला.

“म्हण.”

काळ्यापांढऱ्या फरशीवरून दोघं चालू लागले. त्रिंबक घडाघडा म्हणत होता. काना-मात्रेचीही कुठं चूक नाही.

दालनाच्या मध्यावर काकांनी हात सोडला.

त्रिंबक आणखी दोन वाक्यं म्हणाला. तिसऱ्याला थांबला. पाऊल पुढं टाकावं की मागं घ्यावं, त्याला कळेना.

“काका...?”

...

“काका, आहात ना?”

सुरकुतलेला, ऊबदार हात पुन्हा त्याच्या हातात आला. त्रिंबकनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“पुढचे शब्द?” काकांनी विचारलं.

“आठवत नाहीत.”

“मला तरी कुठे आठवतात!”

त्रिंबक हसला, आणि हसता हसताच त्याला रडू आलं. पट्टी सोडायला त्यानं हात उचलला नाही. तसाच उभा राहिला.

“मग संध्याकाळी सभेत काय सांगू, काका?”

“सांग, यापुढे शब्द तू म्हणशील... हात मी धरीन.”