पांढरे खडे, काळे खडे

एका राज्यात एक राजा होता आणि दोन विद्यापीठं होती. दोन्हीकडे पाणी अडवायची विद्या शिकवत. राजाने त्यांचे क्रमांक लावायचे ठरवले. दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने रांजणात एक खडा टाकायचा. समाधानी असेल तर पांढरा, नसेल तर काळा. शिकून गेलेले किती जण कामाला लागले, तेही मोजायचं. लागोपाठ तीन वर्षं जे मागे राहील, त्याला टाळं.

सुवर्णपीठाचे कुलगुरू लंबोदरशास्त्री फार हुशार. खडे टाकायच्या दिवशी सकाळीच बासुंदी-पुरी. परीक्षा म्हणाल तर नाहीच, उगाच कुणाचं मन दुखायला नको! ज्याला कुठे काम मिळेना, त्याला विद्यापीठातच खडे मोजायला ठेवायचं. झाले की सगळे कामाला. पहिला क्रमांक ठरलेलाच.

खडकपीठ तुळजाबाई चालवायच्या. त्यांची रीत एकच. विद्यार्थ्याने दगड-चुन्याचा बांध घालायचा आणि मागे पाणी सोडायचं. सात दिवस पाझरला नाही तर तो शिकला. पाझरला तर पाड आणि पुन्हा घाल. हात सोलून निघायचे. मुलं बाईंच्या नावाने बोटं मोडायची. वर्षाकाठी पाच-सहा जण शिकून बाहेर पडायचे. दोन वर्षं हेच विद्यापीठ मागे राहिलं.

तिसऱ्या वर्षी शेवंती नावाची विद्यार्थिनी बाईंकडे आली. म्हणाली, "बाई, सगळ्यांनी ठरवलंय. या खेपेला पांढरेच खडे टाकायचे."

"का गं? माझ्यावरचा राग गेला वाटतं?"

"जातोय कसला! चारदा पाडायला लावलात माझा बांध. पण विद्यापीठ बंद पडेल ना."

"पडू दे. राग आहे तर काळा टाक. आज टाळं लागू नये म्हणून राजाशी खोटं बोललीस, की उद्या मुकादम ओरडू नये म्हणून पाझरता बांध पक्का आहे म्हणशील. बांधाखाली गाव असतं, पोरी."

शेवंतीने काळा खडा टाकला. बाकीच्यांनीही टाकला.

दरबारात दोन्ही विद्यापीठांचे गुरू-शिष्य जमले. प्रधानाने खडकपीठाचा रांजण उपडा केला. सगळे खडे काळे. दरबार खो खो हसला. लंबोदरशास्त्री म्हणाले, "बाई, आता जरा गोड बोलायला शिका. वेळच वेळ आहे."

राजा मात्र हसला नाही. त्याने शेवंतीला विचारलं, "टाळं लागणार हे ठाऊक असून एकही पांढरा नाही?"

"राग खरा होता, महाराज."

मग राजाने सुवर्णपीठात शिकलेल्यांना पुढे बोलावलं. "तू काय काम करतोस?"

"खडे मोजतो, महाराज."

"आणि तू?"

"यानं मोजलेले परत मोजतो."

"बरं," राजा म्हणाला. "राजवाड्याच्या वरच्या अंगाला मोठा बांध घालायचाय. जो घालेल त्याने आणि त्याच्या गुरूने बायकापोरांसकट बांधाखाली राहायचं. बोला, कोण घालतो?"

सुवर्णपीठाच्या माना खाली. शास्त्रीबुवांना एकाएकी काशीयात्रा आठवली.

शेवंती पुढे आली. "मी घालीन. पण आत्ता नाही. माझा बांध अजून पाचव्या दिवशी पाझरतो."

राजा उठून उभा राहिला. म्हणाला, "आजपासून खडे बंद, क्रमांक बंद. आणि मुली, तुला दोन महिने दिले."

तुळजाबाई म्हणाल्या, "महिने तुम्ही नका ठरवू, महाराज. ते पाणी ठरवेल."

तात्पर्य: खूश झालेला विद्यार्थी शिकलेला असेलच असं नाही. विद्यापीठाचा क्रमांक विचारू नका. तिथं शिकलेल्याने घातलेल्या बांधाखाली आपली लेकरं निर्धास्त झोपवाल का, एवढंच स्वतःला विचारा.