रुग्णाचं औषध वैद्य प्याले

एकदा एका वैद्याच्या शिष्याची आश्रमातली शेवटची सकाळ उजाडली, आणि त्या सकाळी त्याचे पाय काही जमिनीवर ठरेनात. नऊ वर्षं त्याने गुरूंच्या हाताखाली मुळ्या कुटल्या होत्या, काढे आटवले होते, चुकलं की बोलणी खाल्ली होती. आज एक परीक्षा, ती पार पडली की औषधांचा बटवा हाती आणि स्वतःच्या गावी स्वतःची वैद्यकी! त्याच्या गावात वैद्य नव्हता. लोक चार कोस चालत जात, आणि काही वाटेतच दगावत. म्हणून ही घाई आणि म्हणून हा आनंद. त्याला दोष देण्याचं कारण नाही.

परीक्षा तरी केवढी? वृद्ध वैद्य ओसरीवर बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, "मागच्या बेलावरचं सर्वांत उत्तम फळ घेऊन ये."

शिष्याला हसू आवरेना. बेलाविषयी त्याला काय ठाऊक नव्हतं! मूळ वातविकारावर, पानांचा रस प्रमेहावर, गर पोटाच्या तक्रारींवर. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने घडाघडा म्हणून दाखवलं असतं. फाल्गुन सरत आला होता. झाडावर काही फळं पिवळीधमक झाली होती, तर उशिरा धरलेली अजून हिरवीगार आणि कठीण होती. शिष्य सरसर वर चढला. काट्यांनी दंड ओरबाडले, त्याचं त्याला भानही नव्हतं. अगदी शेंड्याजवळचं, सगळ्यांत मोठं, सगळ्यांत पिवळं फळ त्याने तोडलं आणि नाकाशी धरलं. वा! असा दरवळ की जिंकलोच म्हणायचं!

तो अंगणात पोचतो न पोचतो तोच फाटकाशी एक बैलगाडी येऊन थांबली. पुढे धावत आला एक कापडाचा व्यापारी, पगडी सुटलेली, आवाज चिरकलेला. "वैद्यबुवा, धावा हो! माझ्या धाकट्या भावाला कालपासून जुलाब होताहेत. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. आमच्या गाड्यांचा तळ खाली ओढ्यापाशी आहे. त्याला तसंच उचलून आणलंय."

गाडीतल्या तरुणाचे डोळे खोल गेले होते, ओठांना पापुद्रे आले होते. वैद्यांनी त्याची नाडी पाहिली, मग शिष्याकडे पाहिलं. "हा तुझा रुग्ण. कर उपचार."

पोटाचाच विकार आणि हातात बेलफळ! हा योग देवानेच जुळवून आणला असं त्याला वाटलं. त्याने दगडावर फळ फोडलं, गर पाण्यात कालवला, वस्त्रातून गाळला, वर खडीसाखर घातली. केशरी, दाट, सुगंधी पेय तयार झालं. तो वाटी घेऊन गाडीकडे निघाला. व्यापाऱ्याने दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात वृद्ध वैद्य उठले. त्यांनी शिष्याच्या हातातून वाटी काढून घेतली, ओठांना लावली आणि घटाघटा पिऊन टाकली. मग मिशा पुसून म्हणाले, "छान झालंय. वेलची असती तर आणखी मजा आली असती."

मग व्यापारी कडाडला, "अहो, माझा भाऊ तिकडे जातोय, आणि तुम्ही सरबत पिताय? वय झालं म्हणून काय लाजही गेली?" शिष्याचे कान तापले. खरं सांगायचं तर व्यापाऱ्याचं बोलणं त्याला पटलं होतं.

"आता पुन्हा चढ," गुरू शांतपणे त्याला म्हणाले. "हिरवी फळं आण. मघाशी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस ती. पळ! शेठजी, तुम्ही चुलीवरची पेज घ्या, मीठ घाला आणि भावाला चमचा चमचा पाजत राहा."

शिष्य धुसफुसत झाडावर चढला. हिरव्या फळाला हात घातला आणि त्याचा हात तिथेच थांबला. कच्चं बेलफळ जुलाब आवरतं. पिकलेलं पोट मोकळं करतं. हे त्याला ठाऊक होतं! शेकडो वेळा त्याने ते म्हटलं होतं! आणि तरीही तो त्या अर्धमेल्या माणसाला पोट मोकळं करणारं औषध पाजायला निघाला होता. त्याने काट्यांची पर्वा न करता भराभर हिरवी फळं तोडली, उपरण्यात बांधली आणि घसरतच खाली आला.

पुढचे काही तास अंगणात नुसती धावपळ होती. हिरवी फळं गरम राखेत भाजली, फोडली, गर काढला, त्यात सुंठ आणि जुना गूळ कालवला. थोडं औषध, थोडी पेज, पुन्हा थोडं औषध. दुपारी जुलाबांतलं अंतर वाढलं. उन्हं कलली तेव्हा रुग्णाने डोळे उघडून विचारलं, "दादा, बैलांना पाणी दाखवलं का?" व्यापारी एकदम हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. शिष्याने तर आनंदाने अंगणात उडीच मारली.

मग मात्र तो गुरूंच्या पायाशी जाऊन मान खाली घालून बसला. "गुरुजी, मी नापास झालो."

"अरे, फळ तू उत्तमच आणलं होतंस," वैद्य म्हणाले. "मी ते ओतून दिलं असतं, तर पिकलेलं बेलफळ वाईट, असं तू जन्मभर धरून बसला असतास. दोन दिवस माझं पोट साफ नव्हतं. माझ्यासाठी ते खरोखर औषध होतं, म्हणून मी प्यालो. चूक फळाची नव्हती आणि ज्ञानाचीही नव्हती. तू झाडाकडे इतक्या आनंदाने पाहत होतास, की माणसाकडे पाहायचं राहून गेलं. 'उत्तम फळ आण' असं कोणी सांगितलं, तर वैद्याने आधी विचारावं, 'कोणासाठी?' रुग्ण समोर आल्याशिवाय औषधात उत्तम-मध्यम काही नसतं."

बटव्याविषयी विचारण्याचा शिष्याला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी रिकामं पोतं घेऊन हजर! "वैद्यबुवा, कालच्या बोलण्याबद्दल क्षमा करा. पण ती हिरवी फळं भरून द्या. तळावर अकरा गाडीवान आहेत, रोज एकेकाला एकेक चारतो. पुन्हा ही भीती नको!"

वैद्य उत्तर देण्याआधीच शिष्य उठला. "पोतं राहू द्या, शेठजी. आधी माणसं दाखवा. कोणाला काय होतंय, कोण काय खातो, कोणतं पाणी पितो, ते बघू." आणि तो व्यापाऱ्याच्या पुढे उतार उतरू लागलासुद्धा, भरभर, जवळजवळ धावतच.

तळावर तिसऱ्या गाडीवानाची नाडी हातात असताना त्याला एकदम आठवलं, की गुरूंची परवानगी घ्यायची राहूनच गेली. त्याने मागे वळून पाहिलं. वृद्ध वैद्य उतारावरून सावकाश येत होते. जवळ येऊन त्यांनी औषधांचा बटवा त्याच्या शेजारी ठेवला आणि परत फिरले.

शिष्याचे डोळे भरून आले. पण चौथा गाडीवान समोर येऊन बसला होता, म्हणून त्याने ते पुसले आणि विचारलं, "बोला दादा, काय होतंय?"