डबीतला गंधार

"यात मी किती आहे?" गोदाबाईंनी विचारलं.

"अकरा महिने. जवळजवळ रोजची तालीम." केतकीने काडेपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर सतरंजीवर ठेवला. "शिवाय जुन्या गवयांच्या चारशे मैफली."

मिरजेतल्या त्या माडीवर बाई छत्तीस वर्षं गाणं शिकवत होत्या. त्यांनी होकार दिल्याशिवाय त्यांची कोणतीही शिष्या लोकांसमोर गायला बसत नसे. केतकीला रविवारी सांगलीत गायचं होतं. निमंत्रणं छापून झाली होती.

बाईंनी अजून होकार दिला नव्हता.

"ही डबी दमते का?"

"तुमच्याआधी नाही."

"चिडते?"

"एकच तान पन्नासदा मागा, पन्नासदा देते. मध्ये चहा मागत नाही."

"आणि उपाशी राहिली तर?"

"गप्प बसते. तासभर चार्ज केली की पुन्हा सुरू."

"तेवढं मात्र माझ्यासारखं आहे," बाई म्हणाल्या.

"मग रविवारी गाऊ ना?"

"भूप म्हण."

केतकी गायली. बाईंच्या जागा, बाईंचे ठहराव, अगदी जसेच्या तसे.

बाईंनी हात वर केला.

"गंधार उतरतोय."

"तुम्ही असाच लावता."

"मी?"

"तुम्हीच."

"माझा गंधार उतरत नाही, केतकी."

"ऐका मग." तिने इअरफोन बाईंच्या कानात घातला आणि बटण दाबलं.

बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या...

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं.

"उतरलाय," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी अंगात ताप होता. खरं बोलते हो तुझी डबी."

केतकी ताठ बसली. "मी तेच म्हणत होते."

"दुसऱ्या दिवशी मी हाच भूप पुन्हा गायले. नीट गायले."

"दुसऱ्या दिवशी मी आले नव्हते. कॉलेजात परीक्षा होती. आणि रेकॉर्डिंग होतंच की."

"हं. कितीदा ऐकलंस ते?"

"दोनशे वेळा तरी."

"एकदाही खटकलं नाही?"



"पहिल्यांदा खटकलं. दुसऱ्यांदाही... दहाव्यांदा नाही."

"खटकलं तेव्हा मला का विचारलं नाहीस?"

"विचारून काय झालं असतं? या माडीवर मोठ्यांचं चुकतं असं म्हणायची सोय आहे का? पहिल्या दिवशीच तुमच्या सगळ्यांत जुन्या शिष्येने, शालिनीताईंनी, बजावलं मला, बाई देतील ते मुकाट घ्यायचं. घेतलं मी."



बाई गुडघ्यांवर हात टेकत गादीवरून उठल्या, आणि केतकीशेजारी सतरंजीवर येऊन बसल्या. तिला कोपराने ढोसलं.

"जा. तिथे बस."

"तुमच्या गादीवर?"

"बस म्हटलं ना."

केतकी बसली. बाईंनी तंबोरा तिच्याकडे सरकवला, समोर मांडी घातली आणि षड्ज लावला. मग रिषभ. मग गंधार.

उतरलेला.

केतकीची बोटं तारांवर फिरत राहिली. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. गंधार पुन्हा लावला. तसाच.

तिसऱ्यांदा लावला.

"बाई," केतकी म्हणाली, "चुकतंय."

"किती?"

"केसभर. वर घ्या."

बाईंनी घेतला.

"अजून."

गंधार जागेवर बसला. तंबोऱ्यासकट सगळी माडी भरून गेली...

केतकीचे हात थांबले. "रविवारचं काय, बाई?"

बाईंनी सतरंजीवरची डबी उचलून तिच्या ओंजळीत ठेवली.

"रविवारी तुझ्या मागे तंबोऱ्यावर मी बसेन."