सत्तावन्न अंश

बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहात दिगंबर मयेकर शनिवारी अडकला, कारण दाराची आतली कडी मोडलेली होती. सोमवारी दार उघडलं तेव्हा तो पार गोठून गेला होता.

चौकशीला त्याची बहीण वैजयंती आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

व्यवस्थापक टिपणीसांनी यंत्राची नोंद अधिकाऱ्यांपुढे सरकवली. "बघा, दोनशे त्रेपन्न अंश! शून्याच्या कितीतरी वर. थंडीनं कसा मरेल? हृदयच बंद पडलं असणार."

कागदावरचा 'केल्विन' हा शब्द वैजयंतीनं वाचला आणि ती उठली.

"साहेब, या मापात पाणी दोनशे त्र्याहत्तरला गोठतं. खोली त्याहून वीस अंश थंड होती. जिवंत माणसाचं अंग तीनशे दहा असतं. माझा भाऊ तीनशे दहावर आत गेला, दोनशे त्रेपन्नवर बाहेर आला. मधले सत्तावन्न अंश तुमच्या खोलीनं नाही, तर कुणी घेतले?"

टिपणीसांची मान खाली गेली. अधिकाऱ्यांनी हृदयविकाराची ओळ खोडली आणि लिहिलं, 'थंडीने मृत्यू, कडी नादुरुस्त.'

बाहेर आई बसली होती. वैजयंतीनं तिला सगळं सांगितलं.

"फार थंडी वाजली असेल का गं त्याला?" आईनं विचारलं.