नाव का उलटली?

एकदा एका मोठ्या नदीच्या घाटावर भरलेली नाव उलटली आणि बरीच माणसे बुडाली. त्या घाटावर हे पहिल्यांदा घडत नव्हते. दर वेळी घाटाचा अधिकारी स्वतःच चौकशी करी, नावाडी बेसावध होता असे ठरवी, त्याला तुरुंगात धाडी आणि सुखाने झोपे. नवा नावाडी येई आणि नावा पुन्हा सुरू होत. या वेळी मात्र राजाने चौकशीचे काम एका वृद्ध आचार्यांकडे सोपवले.

आचार्यांबरोबर त्यांचा तरुण शिष्य होता. बुडालेल्यांत त्याचा धाकटा भाऊ होता. नावाडी पोहून वाचला आणि आपला भाऊ गेला, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हते. नावाड्याला कठोरातली कठोर शिक्षा झालेली त्याला पाहायची होती.

घाटाधिकाऱ्याने दोघांचे तोंडभरून स्वागत केले. आपल्या घरी उतरायची सोय, पंचपक्वान्नांचे जेवण, चौकशीसाठी कचेरीतली गार, प्रशस्त खोली. आचार्यांनी हात जोडून सगळेच नाकारले. घाटाच्या नावेतही न बसता ते भर उन्हात लांबच्या उथळ पात्रातून चालत पैलतीरी गेले आणि तिथली एक ओस धर्मशाळा त्यांनी झाडून घेतली. या वयात हा हट्ट कशाला, असे शिष्याच्या मनात आले. पण खरा धक्का पुढेच होता. नावाड्याला समोर बसवून आचार्य म्हणाले, "तू इथे जे सांगशील, ते तुला शिक्षा करायला वापरले जाणार नाही. तसे वचन मी महाराजांकडून घेतले आहे."

शिष्य ताडकन उठून बाहेर गेला. आचार्य त्याच्यामागोमाग आले. माझ्या भावाच्या मारेकऱ्याला तुम्ही अभय देता, असे त्याने रडत रडतच गुरूंना सुनावले. आचार्यांनी त्याला पोटभर रडू दिले.

मग ते शांतपणे म्हणाले, "शिक्षेचे न्यायाधीश पाहतील, त्यांचे पुरावे ते गोळा करतील. आपल्याला शोधायचे आहे ते इतकेच, की नाव का उलटली. ते कळले तर दुसऱ्या कुणाचा भाऊ वाचेल. घाट चालवणाराच घाटाची चौकशी करतो, तेव्हा त्याचे बोट स्वतःकडे वळत नाही. मी त्याच्या घरी जेवलो, तर माझेही वळणार नाही. आणि घाबरलेला माणूस स्वतःला वाचवण्यापुरतेच बोलतो. मला त्याच्याकडून बाकीचे ऐकायचे आहे."

शिष्य आत येऊन बसला. नावाडी हळूहळू बोलू लागला. पूर्वी प्रत्येक नावेच्या तळाशी वजनाचे दगड असत, त्यांनी नाव स्थिर राही. जास्त उतारू मावावेत म्हणून कचेरीने ते काढायला लावले. तेव्हापासून माणसे एका अंगाला सरकली की नाव कलंडू लागे.

"मागल्या चौकशीत एकानं हे सांगितलं होतं, बाबा," तो म्हणाला. "त्याचं काम त्याच दिवशी गेलं. मग आम्ही सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं."

आचार्यांनी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. वाळूची पोती भरलेली नाव त्यांनी पाण्यात सोडली आणि पोती एका बाजूला ओढायला लावली. दगड असताना नाव डुलून सावरली. दगड काढल्यावर ती सरळ पालथी झाली. ते पाहताना शिष्याला हुंदका आवरेना.

अहवालातून कचेरीचे नाव वगळता येईल का, असे राजाने हळूच विचारून पाहिले; शेवटी घाट त्याचाच होता. वगळायचे असेल तर चौकशी पुन्हा घाटाधिकाऱ्यालाच द्यावी, असे आचार्यांनी सांगितले. राजा थोडा रुसला, पण शहाणा निघाला. अहवाल पुरा होण्याची वाट न पाहता त्याने सगळ्या नावांत दगड परत टाकायला लावले आणि ती धर्मशाळा चौकशीसाठी कायमची वेगळी काढून दिली. तिच्यावर कोणत्याही अधिकाऱ्याचा हुकूम चालणार नव्हता.

अहवालात आता एवढेच लिहायचे उरले होते, की त्या दिवशी नावाड्याच्या हातून काही चुकले का. आचार्यांनी लेखणी शिष्यापुढे धरली. ज्या संधीसाठी तो इतके दिवस तळमळत होता, ती समोर होती. शिष्याने लेखणी हातात घेतली आणि मग ती खाली ठेवली.

"गुरुजी, हे मी लिहू नये," तो म्हणाला. "माझा भाऊ त्या नावेत होता."

आचार्यांनी ते स्वतः लिहिले. त्यानंतरची पहिली चौकशी मात्र त्यांनी शिष्यावर सोपवली.