चिलखत नसल्यासारखं धरा

अकोल्याचा उन्हाळा, आणि घरात कूलर एकच. वृंदाच्या नणदेचे यजमान हेमंतराव मुक्कामाला आले, त्यांनी पटावर भुयाराचा खेळ मांडला आणि जाहीर केलं, "जो खजिन्यापाशी आधी पोचेल, त्याची कूलरची खोली." वृंदाच्या तान्ह्या बाळाला घामोळ्यांनी झोप नव्हती, म्हणून ती बाळाला घेऊन खेळायला बसली.

पहिल्याच वळणावर भिंतीतून बाण सुटले.

"माझ्या अंगात चिलखत आहे ना," वृंदा म्हणाली.

"ते राक्षसाच्या वारासाठी. सापळ्यात चिलखत नसल्यासारखंच धरायचं. नियम मला नका शिकवू, वहिनी."

वृंदाचा एकच जीव उरला. तरी खजिन्याआधीच्या फळीपर्यंत तीच आधी पोचली. हेमंतरावांनी पुस्तकातून मोठ्याने वाचलं, "सापळा. चिलखत घातलेल्याच्या वजनाने ही फळी मोडते." मग हसले. "चला वहिनी, पडा खाली."

वृंदाने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हा सापळाच ना, भाऊजी?"

"मग काय पाळणा आहे?"

"मग चिलखत नसल्यासारखंच धरा की." तिने सोंगटी पलीकडे नेली.

हेमंतराव पुस्तक पुन्हा चाळू लागले. तोवर सासूबाईंनी जावईबापूंची गादी बाहेरच्या खोलीत टाकली होती.