दर्याला पाठ

बांदिवण्याच्या टोकावर हा जो काळा कातळ आहे, त्याला आम्ही पाठकातळ म्हणतो. उरुसाच्या दिवशी आम्हा सिद्द्यांचा मुगरमान, म्हणजे कमरेएवढा उभा ढोल, याच कातळावर ठेवतात. वाजवणारा दर्याला पाठ करतो आणि गावाकडे तोंड करून उभा राहतो. दरवर्षी कॅमेरेवाले येतात आणि त्याला सांगतात, "काका, जरा समुद्राकडे बघा ना. तिकडे तुमची आफ्रिका. चेहऱ्यावर ती ओढ येऊ द्या." आमच्या नाचाला धमाल म्हणतात, एवढंच कानावर पडलेलं असतं, म्हणून अर्धे लोक मजा करायला येतात आणि उरलेले अर्धे आमची ओढ बघायला. वाजवणारा वळत नाही, तर त्यालाच हटवादी म्हणतात.

मी जैतूनबी. या गावच्या बालवाडीत पस्तीस वर्षं मुलांना मराठी मुळाक्षरं गिरवायला लावली. तरी खाली गाडीतून उतरल्या उतरल्या तुमच्यातल्या ताई म्हणाल्याच, "आजी, मराठी किती छान बोलता हो!" जाऊ द्या. पालथ्या घड्यावर पाणी. बसा, कातळ आता निवलाय. वाजवणारा का वळत नाही ते सांगते.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते कुणाला नक्की ठाऊक नाही. एका गलबतावर मर्जान नावाचा सिद्दी होता. शिडाचे दोर ओढताना माणसांचे हात एका लयीत पडावेत म्हणून तो ढोल वाजवी. गलबतावर ताप पसरला, तेव्हा तांडेलाने मर्जानला, त्याच्या बायकोला आणि आणखी पाच-सात आजारी माणसांना या टोकावर उतरवलं आणि सांगितलं, "पुढच्या हंगामात न्यायला येतो." मर्जानने नवस केला म्हणे, की गलबत येईपर्यंत रोज दिवस कलताना दर्याकडे तोंड करून ढोल वाजवीन, म्हणजे त्यांची वाट चुकणार नाही.

हंगाम आले आणि गेले. गलबत काही आलं नाही. पण मर्जानने इथे घर बांधलं नाही, नारळाच्या झापांच्या खोपटातच राहिला. माडही लावला नाही. फळ धरेपर्यंत इथे थांबायचंय कुणाला, म्हणे. कोळीवाड्यातलं कुणी विचारलं, "कुठचा रं तू?" तर तो दर्याकडे बोट दाखवी. मग गावानेही तेच धरून ठेवलं. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. गावाचं एकच गोड्या पाण्याचं तळं होतं. त्यात सिद्द्यांनी घडा बुडवायचा नाही, काठावर उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर घ्यायचं, असं ठरलं. उन्हाळ्यात कुणी ओतत नसे.

मर्जानला इथेच मुलगी झाली. तिचं नाव मैमूना. ती कोळीवाड्यातल्या पोरींबरोबर शिंपले वेचत वाढली आणि त्यांच्यासारखंच बोलायला लागली. बाप रोज सांगे, आपण परत जाणार. एक दिवस ती म्हणाली, "बा, मी कंदी आलेच नाय, त परत कुठं जाऊ?"

मर्जानने म्हणे ढोल उचलला आणि कातळावर गेला. मला त्याचा राग येतो. पूर्वज असला म्हणून काय झालं?

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. तळ्यावर ओतून देणारं कुणी नव्हतं. कातळाच्या मागे, खाडीच्या बाजूला ओहोटी असली की चिखलात एक गोडा झरा उघडा पडे. भरती आली की तो बुडे. दिवस कलताना मैमूना तिथे घडा घेऊन गेली. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली आणि पाणी चढायला लागलं. तिने बापाला हाका मारल्या. बाप दर्याकडे तोंड करून, न येणाऱ्या गलबतासाठी ढोल बडवत होता. पाठीमागची हाक त्याच्या कानावर आलीच नाही.

पण ती ठमाबायने ऐकली होती. ही म्हातारी कोळीण खाडीच्या काठाला सुकट निवडत बसली होती. त्यांची पोर, त्यांची माणसं बघतील, असं म्हणून ती निवडत राहिली.

सकाळी ओहोटीला मैमूना सापडली. मर्जान गावाच्या पाटलाकडे तिच्यासाठी माती मागायला गेला. पाटील म्हणाला, "तू जानारा मानूस. माती ऱ्हानाऱ्याला. तिला दर्यात सोड." मर्जानचेच शब्द त्याच्या पदरात पडले होते.

तो परत आला आणि त्याने पोरीला चादरीत गुंडाळून सावलीत ठेवलं. मग कातळावरचा ढोल त्याने उचलून फिरवला. पहिल्यांदाच दर्याला पाठ केली आणि गावाकडे बघून तीन ठोके दिले. ही. कुठ. ली. थांबला. पुन्हा तीन ठोके. गावात चुली पेटल्या, होड्या गेल्या, होड्या आल्या. ढोल तेच विचारत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ठमाबाय रडत कातळाखाली आली आणि गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "हितली! ही हितलीच हाय! हाक मी आयकली व्हती!"

मग माती मिळाली. खाली हिरव्या चादरीची कबर आहे ना, ती मैमूनाची; आजचा उरूस तिचाच. तिला माती दिली त्याच रात्री तळ्याचं पाणी वर चढलं, असं सांगतात. पाहुण्यांना हाच भाग आवडतो, तेवढाच रेकॉर्ड करतात. मला तो पटत नाही. पाणी आधीही होतं. देत नव्हते एवढंच.

आजही उरुसाच्या संध्याकाळी ढोल गावाकडे तोंड करून हेच विचारतो आणि कोळीवाड्याने "हितली!" असं उत्तर द्यायचं असतं. ते येईपर्यंत हात थांबवायचा नाही आणि आमच्यापैकी कुणी उत्तर द्यायचं नाही, अशी रीत आहे. गेल्या वर्षी उत्सव मंडळाच्या पोरांनी उत्तर मोबाईलमध्ये भरून भोंग्यावर लावलं. सगळे व्हिडिओ काढण्यात गुंतले होते ना! वाजवणारा आमचा मसूद. तो थांबला नाही. भोंगा ओरडतोय आणि हा वाजवतोय. तासाभराने त्याची बोटं फुटली, ढोलाच्या कातड्यावर लाल डाग पडले. मग बाजारातून परतणाऱ्या नीराबाईने मासळीची टोपली खाली ठेवली आणि एकटीच ओरडली. तेव्हा तो थांबला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. ठमाबायने उत्तर दिलं होतं, ते एकदाच पुरायला हवं होतं. इतक्या पिढ्या इथे पुरल्या, अजून दरवर्षी विचारतोच आहोत.

उठा आता, मसूद ढोल घेऊन वर येतोय. नाही ताई, इकडे नाही. तुम्ही खाली, गावाच्या बाजूला उभं राहायचं. तो विचारेल ते तुम्हालाही आहे.